लाल त्रिकोणाची पेटी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. त्यांनी केलं ते उपकार म्हणून केलं नव्हतं. मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांचं सांगतो. त्यांचं खरं नाव मी इथेही लिहीत नाही. आपलं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. गावातले लोक त्यांना ‘मोठे डॉक्टर’ म्हणत. मी तिथे शिकाऊ म्हणून गेलो तेव्हा मी आपोआप ‘लहाना डॉक्टर’ झालो.

आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मी अनसिंगच्या बाजूच्या एका खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या वावरात सालदार. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. मॅट्रिक झालेला आमच्या घरातला मी पहिला, कॉलेजात गेलेलाही पहिलाच. शहरातल्या मेडिकल कॉलेजात वॉर्डातल्या राऊंडला प्रोफेसरांच्या मागे मुलांची रांग असायची आणि मी शेवटी उभा राहायचो. पुढच्यांच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं शिकायचं. शेवटच्या वर्षीची इंटर्नशिप, तिचे काही महिने खेड्यात काढायचे असा नियम होता. यादी लागली तेव्हा शहरातली मुलं कुरकुरली. मी खूश होतो. रिसोडच्या बाजूचं केंद्र, म्हणजे घरापासून एका बसचं अंतर.

पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, “अत्यवस्थ पेशंट आला, आधी काय करशील?”

“नाडी बघीन सर.”

“नाडी पळून जात नाही. आधी तो श्वास घेतो का ते बघ.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “डिग्री कॉलेजनं दिलीय ना? आता कान तयार करू.”

ते मूळचे कोकणाकडचे. वऱ्हाडी समजायची, बोलायला गेले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांची शिकवण्याची पद्धत विचित्र होती. सकाळी पेशंट येत तेव्हा मला दाराकडे पाठ करून उभं करायचे आणि नुसत्या श्वासाच्या आवाजावरून सांगायला लावायचे: हा दमेकरी म्हातारा, हे निमोनियाचं लेकरू, ही बाई चालून दमलीय, हिला काही झालेलं नाही. मी चुकलो की लोकांसमोर म्हणायचे, “अरे डॉक्टर, त्या बाईला दमा दिलास तू फुकटचा.” पेशंट हसायचे, मीही हसायचो. कॉलेजात मला कोणी चूक म्हणण्याइतकंही जवळ उभं केलं नव्हतं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. तातडीच्या पेशंटसाठी एक लोखंडी खाट, घशातला चिकटा ओढायचं पायानं चालवायचं यंत्र, काचेच्या सिरिंज आणि त्या उकळायला स्टोव्ह. सापाचा, विंचवाचा, भाजलेला, अडलेली बाळंतीण, जे काही यायचं ते बैलबंडीतून या एका खाटेवर यायचं.

पण मी गेलो त्या वर्षी पुरुष पेशंट यायचे जवळजवळ थांबले होते. नसबंदीची मोहीम जोरात होती. शिबिरं वरून ठरत, आकडे वरून येत. सरकारी जीपचा धुरळा दिसला की पुरुष ज्वारीत शिरायचे. हात मोडलेला माणूस दवाखान्याऐवजी हाड बसवणाऱ्याकडे जायचा. लोकांचा पक्का समज होता की दवाखान्यात सुई देऊन बेशुद्ध करतात आणि मग आतल्या खोलीत नेतात. मोठ्या डॉक्टरांनी यावर एक उपाय केला होता. तातडीची खाट त्यांनी पडवीत आणून ठेवली आणि जे करायचं ते चारचौघांसमोर करायचं ठरवलं. सुई भरायची तीही लोकांना दिसेल अशी. ऊन लागायचं, धूळ यायची, कुत्री फिरायची. कॉलेजात शिकलेल्या स्वच्छतेच्या सगळ्या नियमांना हे सोडून होतं. मी तसं बोललो तर म्हणाले, “माझं दार बंद झालं की यांचा श्वास कोंडतो. तो आधी मोकळा करू, जंतूंचं मग बघू.”

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं आणि सगळीकडे कपाशीवर फवारणी चालली होती. सकाळची गर्दी ओसरली असताना एक बंडी आली. बंडीबरोबर आठ-दहा माणसं चालत होती. आत एक तरुण पडला होता. म्हातारी आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि पायाशी डोक्यावरून पदर ओढलेली कोवळी बायको. पंप गळका होता, सकाळपासून औषध त्याच्या पाठीवर झिरपत राहिलं होतं. बंडी थांबायच्या आधी मला त्याची छाती ऐकू आली. हुक्का ओढावा तशी गुडगुड. तोंडातून लाळेची धार, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, दंडाचं मांस कातडीखाली सुटं सुटं थरथरतंय. हे विष माणसाला त्याच्या स्वतःच्याच लाळेत आणि चिकट्यात बुडवतं. छाती कोरडी झाली तर तो वाचतो, नाही झाली तर नाही. ती कोरडी करायचं औषध म्हणजे ॲट्रोपिन. ते पुन्हापुन्हा द्यायचं, छाती कोरडी होईपर्यंत.

पण बाप त्याला बंडीतून उतरू देईना. बंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून हातात घेऊन चाकाशी उभा.

“पोराच्या लग्नाले वर्स नाई झालं डाक्टरसाहेब. अजून पोट्टं नाई त्याले. थे आपरेशन करसान त मी इथंच डोस्कं फोडीन.”

“बाबा, तुमच्या पोराला ऑपरेशन नको, श्वास हवाय. इथे पडवीत करतो. तुम्ही सगळे बघा.”

“कपडे नाई काढू देनार मी.”

कपडे तर काढायलाच हवे होते. विष अजून कातडीतून आत जात होतं. मोठ्या डॉक्टरांनी साबण बापाच्या हातात दिला. “मी हात लावत नाही. तुम्ही काढा, तुम्ही धुवा. तुमचं धोतर नेसवा त्याला. फक्त लवकर करा.” मग त्या म्हाताऱ्यानं स्वतःचं धोतर अर्धं फाडून मुलाला गुंडाळलं आणि आमच्या नळाखाली त्याला घासून घासून धुतलं. लोक गोल करून उभे होते. एक जण म्हणाला, “लगनाच्या हळदीलेबी एवढा नाई घासला असन बुढ्यानं.” कोणी हसलं नाही, पण म्हाताऱ्याच्या हाताला वेग आला.

खाटेवर घेतलं. मी पायानं यंत्र चालवत घशातला चिकटा ओढत होतो, मोठे डॉक्टर ॲट्रोपिन देत होते. प्रत्येक सुईआधी ॲम्प्यूल वर धरून लोकांना दाखवत. “हे लाळ सुकवायचं औषध. दुसरं काही नाही.” हळूहळू गुडगुड थोडी कमी झाली. आई म्हणाली, “उतरून राह्यलं वं माय.” पण कपाटातला आमचा साठा तेवढ्यात संपला. असल्या पेशंटला किती लागेल याचा हिशोब करून आरोग्य केंद्राला कोणी औषध देत नाही.

मोठे डॉक्टर मला म्हणाले, “आतली पेटी आण.”

शिबिरासाठी एक पत्र्याची पेटी आठवड्यापूर्वी येऊन पडली होती. बायकांच्या ऑपरेशनआधी भूल देताना ॲट्रोपिन टोचतात, म्हणून त्या पेटीत त्याचे डबेच्या डबे होते. पेटी कुलूपबंद होती आणि किल्ली शिबिराच्या माणसांकडे. मी ती उचलून पडवीत आणली. आमच्याकडे सगळं लोकांसमोरच करायची रीत होती, कुलूपही तिथेच तोडायचं. मोठ्या डॉक्टरांनी बत्त्यानं कुलूप तोडलं. झाकण उघडलं आणि मागे भिंतीला टेकलं, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला रंगवलेला लाल त्रिकोण लोकांच्या तोंडासमोर आला.

त्या माणसांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पण कुटुंबनियोजनाचा तो त्रिकोण शाळेच्या भिंतीवर होता, जीपवर होता, एसटीच्या पाठीवर होता. तो न ओळखणारा माणूस सगळ्या तालुक्यात सापडला नसता.

“अबे, थे पाहा! तिकोन!”

बाप खाटेशी येऊन उभा राहिला. “हे आपरेशनची पेटी हाय.”

“पेटी शिबिराची आहे. औषध तेच आहे, मघाचंच. बघा.”

“लाळीचं औषध तिकोनाच्या पेटीत कायले ठेवता मंग?”

मला वाटलं, ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. जागा नव्हती म्हणून ठेवलं, एवढंसं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोठे डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशनच्या आधीही हेच औषध देतात. पण यानं काही—”

पुढचं कोणी ऐकलं नाही. पाच-सहा हातांनी तरुणाला उचललं. आम्ही त्याच्या अंगावर टाकलेली दवाखान्याची पांढरी चादर आईनं ओढून पडवीत फेकली. पांढऱ्या चादरीतला जिवंत मुलगा तिला बघवत नव्हता. बंडीत पडलेली घोंगडी त्याच्यावर टाकली आणि बैल वळवले. मोठे डॉक्टर खाटेच्या कडेशी उभे होते. गावात पोलीस चौकी होती. एका चिठ्ठीनं दोन शिपाई आले असते. मी तसं म्हणालो.

“पोलीस आणून धरलेला माणूस त्यांच्या लेखी मेलाच,” ते म्हणाले. मग त्यांनी पेटीतले डबे फोडून ॲम्प्यूल माझ्या दोन्ही खिशांत भरल्या, उकळलेली एक सिरिंज आणि सुया फडक्यात गुंडाळून दिल्या. “जा त्यांच्या मागे.”

“एकटा, सर?”

“बाहुल्यांकडे बघत बसू नको, छाती ऐक. कोरडी होईपर्यंत देत राहा. औषध चढलं की तो बडबडेल, अंगावरचं ओढेल. घाबरायचं नाही. बडबडतोय म्हणजे श्वास घेतोय.”

“आणि पेटी?”

“पेटीचं मी बघतो.”

मी बंडीमागे चालू लागलो. मागच्या बाजूनं चालणारा एक जण वळून म्हणाला, “ए लहाना डाक्टर, कायले येऊन राह्यला बे? घरी जाय, चहा पे.” मी चालत राहिलो. थोड्या वेळानं दुसऱ्यानं विचारलं, “कोन्या गावचा तू?” मी गाव सांगितलं, वडील कोणाकडे सालदार आहेत तेही सांगितलं. मी कोण ते सगळ्यांना कळलं. बाप मागं न बघता बोलला, “इकडचाच हाय त मंग त्यायच्या नोकरीत कायले गेला?”

गाव दिसायच्या आधीच गुडगुड परत सुरू झाली. दवाखान्यात मिळालेलं औषध उतरत होतं, पण एवढ्या लवकर उतरायला नको होतं. मी बंडीच्या कडेला धरून आत वाकलो आणि घोंगडीचा वास आला. पंपाखाली हीच घोंगडी पाठीवर घेतली असणार. आम्ही धुऊन काढलेलं विष त्याच्या अंगावर परत पांघरलेलं होतं.

“ही काढा,” मी ओरडलो. “हिच्यातच औषध आहे!”

आईनं ती लगेच काढली. बैल थांबले. तरुणाच्या ओठांवर फेस आला होता आणि नखं निळसर दिसायला लागली होती. मी ॲम्प्यूल फोडली तेव्हा बापानं माझं मनगट धरलं.

“पहिले सोताले टोच.”

मला ते अवघड वाटलं नाही. तेवढ्या औषधानं माझ्यासारख्या धडधाकट माणसाचं काही बिघडणार नव्हतं. अडचण वेळेची होती. मी बाही वर करून दंडात टोचून घेतलं आणि दुसरी ॲम्प्यूल घेतली.

“थांब. तुले काय होते थे पाहू दे.” त्यानं मनगट परत धरलं.

“बाबा, तेवढा वेळ नाही त्याला!”

“थांब म्हनलं ना.”

बाभळीच्या सावलीत आम्ही सगळे थांबलो. बंडीतला श्वास आता तुटक येत होता. मला एकेक श्वास मोजल्याशिवाय राहवेना आणि मोजवेनाही. मघाशी मला चहा प्यायला घरी धाडणारा म्हणाला, “गेलं बापा, डाक्टरचं लगन गेलं आता. कोन पोरगी देते याले?” दोघं-तिघं हसले. माझं तोंड कोरडं पडायला लागलं होतं, छाती धडधडत होती. मी जीभ बाहेर काढून म्हाताऱ्याला दाखवली. “बघा, लाळ सुकली. एवढंच करतं हे.” तो माझ्या जिभेकडे बघत राहिला. त्याला जे बघायचं होतं ते जिभेवर दिसणारं नव्हतं.

तेव्हा त्या पोराची बायको बंडीतून खाली उतरली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती म्हणाली, “मामाजी, पोट्टं नाई झालं त नाई. मानूस त राह्यल.”

सासऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. त्यानं फक्त माझं मनगट सोडलं.

मी सुई दिली. थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. एव्हाना माझ्या स्वतःच्या बाहुल्या पसरल्या होत्या आणि जवळचं काही नीट दिसेना. ॲम्प्यूलची मान बोटानं चाचपून फोडत होतो. कान मात्र ठीक होते. त्या दुपारी माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

गावात त्याला घरात न नेता कोठ्यात ठेवलं, बैलांच्या दावणीशेजारी. मीही तिथेच बसलो. आईनं चुलीवर सिरिंज उकळून दिली. दुपार कलली तसा तो लालभडक झाला, अंग तापलं, आणि तो बडबडायला लागला. बैलांना हाका मारू लागला, कोणाला तरी पंप मागू लागला. मग त्यानं हात वर केले आणि हवेतून काहीतरी वेचायला लागला. बोटांच्या चिमटीनं बोंडातून कापूस ओढावा तसं, एक वेचून ओटीत, दुसरं वेचून ओटीत. एवढ्या हळुवार हातानं की कोठ्याच्या दारात जमलेली माणसं आत वाकून बघू लागली. आई रडायला लागली. “येडं केलं माह्या लेकराले.” मी म्हणालो, “माय, तो श्वास घेऊन राह्यला. ऐक.” मी तिचं डोकं त्याच्या छातीशी नेलं. तिला आवाजातला फरक कळला की नाही, मला सांगता येत नाही. पण तिनं मला तिथून उठवलं नाही.

ती रात्र आणि दुसरी सकाळ याच कामात गेली. औषध कमी केलं की छाती ओली व्हायची, परत वाढवायचो. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यानं डोळे उघडले, बायकोला ओळखलं आणि म्हणाला, “पानी दे वं.” तिनं पाणी दिलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

आईनं मला भाकर आणि ठेचा आणून दिला. पाणी माझ्या ओंजळीत वरून ओतलं. माझ्या हाताला विष लागलं असेल म्हणून, की मी कोण ते त्यांना ठाऊक होतं म्हणून, हे मी विचारलं नाही. मला तहान फार लागली होती, मी प्यालो.

मी केंद्रावर परतलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. कंपाउंडर म्हणाला, “काल सांजच्याले जिल्ह्यातून बलावनं आलं. कुलूप काहून तोडलं, माल कुठं गेला, पेशंट कुठं हाय. पेशंट त पडवीत नव्हताच ना दाखवाले.” शिबिराच्या तोंडावर शिबिराचं औषध उधळलं आणि त्या औषधानं कोणी वाचलं असं दाखवायला माणूसही नाही, असा ठपका आला होता. मी दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसात सांगायला गेलो. पण शिकाऊ डॉक्टरचं म्हणणं ऐकायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं. मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी जा म्हणून सांगितलं. त्यांची बदली राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. ते परत आलेच नाहीत. त्यांचं सामान कंपाउंडरनं एसटीच्या टपावर टाकून पाठवलं. मला त्यांचा पत्ता मिळायलाही बरेच दिवस गेले.

त्या दिवसांत आठवडी बाजारात मला त्या तरुणाचा बाप भेटला. मिरच्यांच्या ढिगाशी उभा होता. मला बघून हसला, खांद्यावर हात ठेवला. “पोट्टं वावरात जाते आता. हात थोडे कापतेत, पन जाते.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “गेला म्हंते थो तिकोनवाला डाक्टर? बरं झालं. त्याच्या खाटेवरून उचललं म्हनून वाचलं माह्यं पोट्टं.”

“बाबा, औषध त्यांच्याच पेटीतलं होतं. मी जे टोचलं ते तेच.”

“तू आपला मानूस हाय, पन त्याच्या हाताखाली होता, तू त्याची बाजू घेशीनच. पन मी पाह्यलं ना. तू पहिले सोताले टोचली. त्यानं टोचली होती काय?”

मी पुन्हा सांगितलं. पेटी कोणी फोडली, मला कोणी पाठवलं, त्यांच्यावर काय आलं. तो ऐकत होता, मान डोलावत होता, आणि मला कळत होतं की एक शब्द आत जात नाही. शेवटी त्यानं पिशवीतल्या हिरव्या मिरच्या ओंजळभर माझ्या रुमालात टाकल्या. “सुनेले दिवस गेले की मी सोता सांगाले येतो तुले. तवा मानीन पुरं.”

ज्या गोष्टीनं मला आयुष्यभर डॉक्टर म्हणून उभं केलं, ती माझ्या नावावर जमा झाली होती आणि तिची सगळी किंमत दुसऱ्यानं भरली होती. मी ती परत करायला गेलो तर घेणारा नव्हता. त्या संध्याकाळी मी कंपाउंडरकडून मिळालेल्या पत्त्यावर हे पत्र लिहिलं. पोस्टात टाकायच्या आधी त्याची नक्कल करून ठेवली होती, म्हणून इथे जसंच्या तसं देता येतं.

आदरणीय सर,

पेशंट जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहितो, कारण तुम्ही आधी तेच शोधाल.

मी तुमच्या सांगण्याप्रमाणे बंडीच्या मागे गेलो. वाटेत छाती परत ओली झाली. अंगावरच्या घोंगडीत औषध मुरलेलं होतं, ती काढल्यावर आणि ॲट्रोपिन वाढवल्यावर फरक पडला. तापला आणि बडबडला, तुम्ही म्हणाला होता तसं. हवेतून कापूस वेचत होता. मी घाबरलो होतो सर, पण छाती ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यानं पाणी मागितलं. आता वावरात जातो. हातांना थोडा कंप आहे, तो जाईल असं मला वाटतं. तुमचं काय मत आहे ते कळवा.

उरलेल्या ॲम्प्यूल मी नव्या डॉक्टरांच्या स्वाधीन केल्या. तुमची बाजू सांगायला मी गेलो होतो, पण मला आत बोलावलं नाही. माझं म्हणणं लिहून घ्यायला कोणी तयार झालं तर मी कधीही, कुठेही येईन.

आज बाजारात त्याच्या वडिलांची भेट झाली. त्यांनी तुमच्याविषयी विचारलं, तुम्ही गेलात का म्हणून. मी हो म्हटलं.

सर, एक विचारायचं आहे. त्यांनी पेटीविषयी विचारलं तेव्हा तुम्ही खरं ते सांगितलंत. त्याच वेळी मला वाटलं होतं की आपण दुसरं काही सांगितलं असतं तर पेशंट खाटेवरच राहिला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. मी रोज यावर विचार करतो. कधी वाटतं तुमचं बरोबर होतं, आणि कधी मला त्याच्या छातीचा आवाज ऐकू येतो आणि काहीच बरोबर वाटत नाही. पुढे मी एकटा असेन आणि माझ्यासमोर असाच पेशंट असेल. त्याच्या माणसांनी असंच काही विचारलं तर मी काय सांगायचं?

तब्येतीला जपा. तिकडे पाऊस फार असतो म्हणतात.

तुमचा विद्यार्थी